पिराजीचं पस्तान

टेंभूरवाडी नावाच्या एका गावात एक भोळा जीपवाला होता. त्याचं नाव पिराजी. भोळा हे गाव तोंडावर म्हणायचं, मागं काय म्हणायचं ते इथं लिहिण्याजोगं नाही. माणूस तसा कष्टाळू, निर्व्यसनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच. सांगितलेलं ऐकायचा. आपणही ऐकतो, पण ऐकून सोडून देतो, म्हणून आपलं निभतं. पिराजी ऐकायचा आणि तसंच्या तसं करायचा.

त्याची बायको सुभद्रा. तिचा धाकटा भाऊ जालिंदर फौजेत होता, पार तिकडं आसामात. त्याला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला. बारसं ठरलं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि जालिंदरला बहीण एकच. म्हणजे सुभद्रा पोचल्याशिवाय बाळाला नाव नाही. सुभद्राला स्वतःला मूल नव्हतं. भाच्याच्या कानात तोंड घालायला ती नऊ वर्षं टपून बसली होती.

त्यात सुभद्राची आई हौसाबाई. ती लेकीजवळच राहायची. घरात एक शिसवी पाळणा होता. त्यात सुभद्रा निजली होती, जालिंदर निजला होता, आता नातू निजेल तर त्यातच, असा म्हातारीचा हट्ट. रेल्वेची तिकिटं मिळेनात आणि पाळणा तर कुणीच घेईना. शेवटी ठरलं की पिराजीची जीप काढायची आणि अख्खा देश ओलांडून जायचं. सहा दिवसांचा रस्ता.

सगळं जुळलं असतं, पण नेमकी त्याच महिन्यात निवडणूक आली. एकीकडं भाऊसाहेब, त्यांची निशाणी पाळणा. दुसरीकडं अण्णासाहेब, त्यांची निशाणी कुकर. गाव असं तापलं होतं की पाळणेवाल्यांच्या घरी भात पातेल्यात शिजायचा, आणि कुकरवाल्यांची लेकरं झोळीत निजायची. दोघा सख्ख्या भावांनी एकाच विहिरीवर पाणी भरायच्या वेळा वाटून घेतल्या होत्या. मत न देता गाव सोडायची सोय नव्हती. गेला तो समोरच्याला मिळाला, असं दोन्हीकडचे लोक धरून चालले होते.

सुभद्रानं तयारी सुरू केली. ती म्हणाली, "अहो, लांबचा पल्ला आहे. गाडीचं सगळं नीट बघून घ्या."

पिराजी सकाळी लिंबाखाली बसला आणि गाडीकडं बघत राहिला. दुपारी भाकरीही तिथंच मागवली. संध्याकाळी घरात येऊन म्हणाला, "बघितलं. सगळं जिथल्या तिथं आहे."

सुभद्रानं कपाळाला हात लावला. नुसतं बघायचं नसतं, तिनं समजावलं. हात लावायचा, हलवून बघायचं, आणि जे ढिलं असेल ते आवळायचं.

"आता कळलं," पिराजी म्हणाला.

पिराजीला कळलं की गावानं सावध व्हावं, एवढं गावाला अजून कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुभद्रानं त्याला मुहूर्त विचारायला जोशीबुवांकडं पाठवलं. जोशीबुवा ओसरीवर पंचांग उघडून बसले होते. वय ऐंशीच्या पुढं, धोतर कमरेशी सैल. पिराजीनं हात लावून बघितलं, हलवून बघितलं. ढिलं होतं. त्यानं खिशातली सुतळी काढली, बुवांच्या पाठीत गुडघा दिला आणि धोतर असं आवळलं की बुवांना मंगळवार म्हणायचं होतं ते नुसतं "मं" एवढंच बाहेर आलं. सुतळी कापायला शेजारच्या न्हाव्याला बोलवावं लागलं.

मुहूर्त कसाबसा मिळाला, मंगळवार सकाळी नऊ वीस. घरी आल्यावर सुभद्रानं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. वयानं आणि मानानं मोठं जे असेल, त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, ती म्हणाली. लांबून हात जोडायचे आणि आपण बाजूला व्हायचं.

"आता कळलं," पिराजी म्हणाला.

मग तो चाकात हवा भरायला गेला. हवावाल्याचं दुकान चढावर. पिराजी खाली उतरला आणि हँडब्रेक लावायचा राहिला. जीप हळूच मागं सरकायला लागली. हवावाला ओरडला, धर म्हणाला. पण जीप होती सासऱ्यांच्या वेळची. वयानं मोठी, मानानं मोठी. पिराजी बाजूला झाला, त्यानं हात जोडले, मान लववली आणि जीपला जाऊ दिलं. जीप उतारानं थेट अण्णासाहेबांच्या प्रचार कार्यालयात शिरली. मांडव कोसळला आणि अण्णासाहेबांचं मोठं चित्र जीपच्या टपावर चढून बसलं. आत माणूस कुणी नव्हतं, कारण ती जेवायची वेळ होती आणि निष्ठावंत सगळे पंगतीला होते.

मग काय विचारता. कुकरवाले म्हणाले, हा भ्याड हल्ला आहे. पाळणेवाले म्हणाले, हा जनतेचा कौल आहे. भाऊसाहेबांनी पिराजीला बोलवून त्याच्या गळ्यात हार घातला. पिराजीला हार कशाचा ते कळलं नाही, पण झेंडूचा होता, म्हणून त्यानं घरी नेऊन देवाला वाहिला.

सुभद्राच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडीचा एक दिवा फुटला होता. आपण आसामला पोचतच नाही, तिला वाटायला लागलं. तरी तिनं धीर धरून समजावलं, "गाडी आपोआप हलायला लागली ना, की हात नाही जोडायचे. पळत जाऊन चाकाखाली दगड घालायचा."

"आता कळलं," पिराजी म्हणाला, आणि एक बरासा दगड त्यानं बरोबरच ठेवला.

शनिवारी भाऊसाहेबांची मिरवणूक निघाली. टेम्पोवर थर्माकोलचा हत्तीएवढा पाळणा, पाळण्यापुढं भाऊसाहेब हात जोडून उभे, पुढं हलगी. टेम्पो चौकात थांबला होता. पिराजी कडेला उभा होता, काखेत दगड. तेवढ्यात टेम्पो हलायला लागला. हलवणारा आत बसलाय हे पिराजीला कुठून दिसणार. तो पळत गेला आणि त्यानं चाकाखाली दगड घातला. टेम्पोनं गचका खाल्ला, आणि भाऊसाहेब हात जोडलेल्या अवस्थेत उलटे पाळण्यात पडले. वर नुसते पाय दिसत होते. हलगीवाल्याला वाटलं कार्यक्रमच तसा आहे, त्यानं ठेका वाढवला.

त्या रात्री अण्णासाहेबांनी पिराजीच्या अंगावर शाल घातली.

एकाच माणसाच्या अंगावर दोन्हीकडचा मान चढला, आणि दोन्हीकडच्या तक्रारीही चढल्या. सोमवारी तालुक्याहून निवडणुकीचे साहेब आले. अंगणात जीप उभी होती, टपावर पाळणा बांधलेला. साहेबांनी विचारलं, प्रचाराच्या गाडीची परवानगी कुठं आहे. सुभद्रानं बारशापासून सगळं सांगितलं. साहेब माणूस बरा होता. तो म्हणाला, पाळणा तुमच्या घरचा असेल, पण आज ती निशाणी आहे. आचारसंहिता लागलीय. निशाणी दिसली की झाकायची. सुभद्रानं हौसाबाईची गोधडी आणून पाळणा झाकला. साहेब गेले.

"आता कळलं," पिराजी आपला आपणच म्हणाला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात गॅसवर कुकर होता. आत डाळ, वर शिट्टी. पिराजीनं पाहिलं, निशाणी उघड्यावर. त्यानं दुसरी गोधडी आणली आणि कुकर नीट, चहूबाजूंनी, प्रेमानं झाकला. आधी वास आला, मग धूर आला, मग शिट्टी आली ती थेट छताला लागली. डाळ भिंतीवर आणि गोधडीला ताटाएवढं भोक. ती गोधडी हौसाबाईनं नातवासाठी शिवली होती, जुन्या लुगड्यांची, तीन महिने डोळे फोडून. म्हातारी भोकात हात घालून नुसती बसून राहिली. जावयाला बोलायचं नाही ही तिची रीत होती, पण त्या दिवशी तिच्यानं राहवलं नाही.

"जावईबापू, हात जोडते तुमाला. आपलं डोस्कं घालू नका कशात. सांगितलंय तेवडंच करायचं. ल्हिलंय तेवडंच वाचायचं. त्याच्या फुडं न्हाई आन् मागं न्हाई."

पिराजीला मनापासून वाईट वाटलं. त्यानं मान डोलावली. हे त्याला फार नीट कळलं.

मंगळवार उजाडला. मुहूर्त आजचा आणि मतदान गुरुवारी, मग निघायचं कसं? त्याला आपल्याकडं सोपी तोड आहे. मुहूर्ताच्या घटकेला आपलं एक बोचकं शेजारी नेऊन ठेवायचं. त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड, अंगावरचा एखादा कपडा. याला पस्तान म्हणतात. पस्तान शेजारी गेलं की माणूस घरातून निघाला असं धरतात, मग तो सावकाश कधी का निघेना. देवालाही चालतं. आपला देव समजूतदार आहे.

तर नऊ वीसला दोन बोचकी बांधली. हौसाबाईचं पांढरं, सुभद्राचं हिरवं. हिरव्यात सुभद्रानं एक चिठ्ठीही ठेवली. बाळाचं नाव तिनं जोशीबुवांना विचारून काढलं होतं आणि बारशापर्यंत ते कुणाला सांगायचं नव्हतं. "नाव पस्तानातच असू दे," ती म्हणाली, "कानात सांगायच्या वेळी उघडू." दोन्ही बोचकी शेजारच्या अनुसयाकाकूंच्या ओसरीवर गेली.

पिराजी सगळं लक्ष देऊन बघत होता. त्यानं विचारलं, "मग तुम्ही दोघी निघालात?"

"निघालो असं धरायचं."

"आणि हे बोचकं म्हणजे तू?"

सुभद्रा दशम्या थापत होती. पाच दिवसांत तिला शहाणं बोलायचा कंटाळा आला होता. "व्हय," ती म्हणाली, "तेच मी."

गुरुवारी मतदान. शाळेपुढं ही रांग. हौसाबाईचा गुडघा धरलेला, सुभद्रा बांधाबांधीत. ती म्हणाली, तुम्ही पुढं जा, आमच्या दोघींचा नंबर धरून ठेवा, आम्ही आलोच. पिराजीनं वाटेत अनुसयाकाकूंच्या ओसरीवरून दोन्ही बोचकी उचलली आणि रांगेत उभी केली. रांग सरकली की तो आधी पांढरं पुढं ठेवायचा, मग हिरवं, मग स्वतः सरकायचा.

शाळेच्या कोपऱ्यावर दोन्हीकडचे कार्यकर्ते टेहळणी करत होते. पाळणेवाल्यानं बघितलं, ही बोचकी कुणाची? पिराजी म्हणाला, ही सासूबाई आणि ही सुभद्रा, मत द्यायला आल्यात. कार्यकर्ता हसला नाही. पंधरा दिवसांत त्यानं हसण्याजोगं काहीच ऐकलं नव्हतं, आणि मत कुठून येईल याचा काही नेम नसतो. त्यानं पांढऱ्या बोचक्याला नमस्कार केला आणि गाठीत आपलं पत्रक खोचलं. ते पाहून कुकरवाला धावत आला आणि त्यानं हिरव्यात आपलं खोचलं. गेल्या निवडणुकीत तर मेलेली माणसं मतं देऊन गेली होती. बोचकी निदान जित्या बायांची होती.

आत पिराजीनं बोचकी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, आधी सासूबाईंच्या बोटाला शाई लावा. मतदान अधिकारी बाई सकाळपासून पाण्यावाचून बसल्या होत्या. त्यांनी आधी बोचक्याकडं बघितलं, मग पिराजीकडं. सगळं ऐकून घेतल्यावर त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, "हे बघा, मतदानाला स्वतः माणूस लागतं. बोचकं इथं चालत नाही. ते प्रवासाला चालतं, तिकडं न्या."

"आता कळलं," पिराजी म्हणाला. "मतदानाला माणूस, प्रवासाला बोचकं."

सुभद्रा आणि हौसाबाई मागून आल्या, मत देऊन गेल्या. पिराजीनंही दिलं आणि बोचकी परत ओसरीवर नेली. पत्रकांचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शुक्रवारी पहाटे निघायचं होतं. हौसाबाईनं आदल्या संध्याकाळीच बजावून ठेवलं, निघताना मागून हाक आली तर तो अपशकुन. कुणी कितीही हाका मारल्या तरी थांबायचं नाही आणि मागं बघायचं नाही. सुभद्रानं शेवटचं सांगितलं, "काकूंकडून पस्तान घ्या आणि गाडीत नीट बसवा. पस्तान घेतलं की परत घरात पाऊल ठेवायचं नाही, तिथूनच निघायचं."

दोघी अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. पिराजीनं पस्तान घेतलं. पांढरं बोचकं मागच्या सीटवर बसवलं, टेकायला उशी दिली, गुडघा धरलेला असतो म्हणून. हिरवं पुढं आपल्याशेजारी बसवलं. टपावर पाळणा, त्यावर गोधडी, मागं दशम्यांचा डबा. सासूबाई आल्या, सुभद्रा आली, सगळे बसले. परत घरात पाऊल ठेवायचं नव्हतंच. तो तिथूनच निघाला.

मागून हाका आल्या. आधी सुभद्राच्या, मग म्हातारीच्या, मग सगळ्या आळीच्या. पाळणेवाले आणि कुकरवाले महिन्यात पहिल्यांदाच एकत्र धावत होते. केवढा हा अपशकुन, पिराजीनं मनात म्हटलं, आणि गाडी आणखी जोरात सोडली. मागं त्यानं बघितलं नाही. सांगितलेलं तेवढंच तो करत होता.

वाटेत फोन वाजायचा. फोन गावाकडून, गाव मागं. म्हणजे हाक मागूनच. त्यानं एकदाही उचलला नाही. ठिकठिकाणी नाके होते, तपासणी होती. पोलीस विचारायचे, गाडीत कोण कोण. पिराजी सांगायचा, मी, बायको आणि सासू. पोलीस आत बघायचे, मग पिराजीकडं बघायचे, आणि नाका उघडायचे. जेवायला थांबला की तो हिरव्या बोचक्यापुढं दशमी ठेवायचा. बोचकं खायचं नाही. सुभद्रा रुसलीय हे तो समजून होता, दिवा फुटला तेव्हापासूनच तिचं काही तरी बिनसलं होतं.

तिकडं टेंभूरवाडीत सुभद्रा फोनजवळ बसून होती. रेल्वेत उभं राहायलाही जागा नव्हती. तिनं जालिंदरला सगळं कळवलं. बहीणभावांनी ठरवलं, असू दे, बारशाच्या घटकेला फोन बाळाच्या कानाला लावायचा आणि आत्यानं फोनवरून नाव सांगायचं. तेवढ्यावर ती तग धरून होती. नाव तोंडातल्या तोंडात घोळवत होती.

सहाव्या दिवशी रात्री जीप पोचली. गुरुवारी सकाळी फौजेच्या वसाहतीत बारसं. अंगणात पंजाबी बाया, तमिळ बाया, बिहारी बाया, आसामी बाया, सगळ्या नटून जमलेल्या. मधोमध शिसवी पाळणा टांगला होता. जालिंदरनं फोन लावला, आवाज मोठा केला आणि बाळाच्या कानाशी धरला.

"बाळा," फोनमधून सुभद्राचा आवाज आला. "मी तुझी आत्या."

पिराजीनं फोन काढून घेतला. "कोण बोलतंय?" त्यानं विचारलं.

"अहो, मी सुभद्रा."

"सुभद्रा माझ्याबरोबर आलीय," पिराजी म्हणाला. "सहा दिवस माझ्याशेजारी बसून आलीय. तू कुणी तरी मतं मागणारी दिसतीस. मतदान झालं बाई, आता कशाला फोन करतीस?" आणि त्यानं फोन बंद करून खिशात टाकला.

जालिंदर त्याच्या अंगावर धावला, पण मुहूर्ताची घटका चालली होती आणि पिराजीला सगळं नीट कळलेलं होतं. हिरवं बोचकं त्यानं बाळाच्या कानाशी धरलं. बोचकं गप्प. "रुसलीय," त्यानं बायांना सांगितलं. मग त्यानं गाठ सोडली. वरच घडी केलेला कागद होता, मोठ्या अक्षरांत छापलेला. खाली सुपारीभोवती गुंडाळलेली चिठ्ठी होती, ती काही वर आली नाही. लिहिलंय तेवढंच वाचायचं, सासूबाईंनी सांगितलं होतं. पिराजीनं बाळाच्या कानाला तोंड लावलं.

"कुर्रर्रर्र," तो म्हणाला. "कुकर."

पुढं लिहिलं होतं, कुकरसमोरचं बटण दाबा. बाळाच्या झबल्याला बरोबर छातीवर एक बटण होतं. पिराजीनं ते दाबलं. बाळानं 'पीऽऽऽ' असा लांब सूर काढला.

"झालं मत," पिराजी म्हणाला.

त्या बायांना मराठी येत नव्हतं. महाराष्ट्रात नावं अशीच असतील असं त्यांना वाटलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, बाळाला पाळण्यात घातलं, आणि दहा प्रांतांच्या दहा सुरांत, कुकर राजा, कुकर राजा म्हणत झोके दिले. कानात एकदा पडलेलं नाव परत काढता येत नाही. चिठ्ठीवरचं विश्वजित हे नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. सुभद्रा महिनाभर पिराजीशी बोलली नाही, आणि पिराजीला त्यात नवीन काही वाटलं नाही, कारण ती आसामला जातानाही बोलली नव्हती.

निकाल लागला. भाऊसाहेब निवडून आले. आठव्या दिवशी अण्णासाहेब, विकासासाठी म्हणे, भाऊसाहेबांच्या पक्षात गेले. दोघांनी एकमेकांना पेढे भरवले. गावात ज्यांनी एकमेकांची डोकी फोडली होती ते पारावर बसून टाके चाचपत म्हणाले, हे झालं तरी कसं, कुकर पाळण्यात गेलाच कसा.

पिराजी शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "मीच घातला की. बारशाला."